बफिंग मारलेला खंजीर

खंजीर म्यानातून बाहेर आला आणि उदयसिंहांचं डोकंच फिरलं. जुन्या हत्यारांची पारख करून संग्राहकांना खरं-खोटं लिहून देणारा हा माणूस घणसोली गावातल्या त्या भाड्याच्या खोलीत मोठ्या आशेने आला होता. महायुद्धात इटलीत लढलेल्या मराठा शिपायाचा खंजीर, मुठीजवळच्या आडव्या पट्टीवर त्याने स्वतः कोरलेला पलटणीतला नंबर! असं रोज कुठे हाती लागतं? आणि समोर काय, तर बोहारणीकडच्या नव्या ताटासारखं लखलखणारं पातं.

"हे कोणी केलं?"

"मीच, सर," रणजीत खुशीत म्हणाला. तो पावणे गावातल्या कारखान्यात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारायचा. "खंडेनवमीला मशिनींची पूजा होती ना, म्हटलं आजोबांचं हत्यार पण नेऊ. मस्त बफिंग मारलं. गंजाचा एक डाग ठेवला नाय."

"डागाबरोबर नंबरही गेला, शहाण्या! अरे, गंज चालतो, खड्डे चालतात, मूठ तडकलेली चालते. पण हे? सोलून ठेवलंस तू त्याला!"

"टेन्शन नका घेऊ सर. नंबर पाठ आहे मला. परत कोरून आणतो, मशीन आहे आपल्याकडे."

उदयसिंहांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे खोटं तू कोरणार आणि त्याच्याखाली सही मी ठोकणार? लाज वाटते का जरा?"

रणजीतची आई विजयमाला पुढे सरकली. खंजीर तिला विकायचा नव्हताच. सासरे लढाईवर गेलेच नाहीत, खंजीर बाजारातून आणून मिरवला, असं साताऱ्याकडची भावकी त्यांच्या माघारीही बोलत होती. सासऱ्यांचे कागद कधीच हरवले होते; पुरावा उरला होता तो खंजिरावरचा नंबरच. जाणकाराने लिहून दिलेलं तिला भावकीच्या तोंडावर फेकायचं होतं, एवढ्यासाठीच तिने उदयसिंहांना बोलावलं होतं.

"काय लिवताय त्ये वाचून दाखवा," ती म्हणाली.

उदयसिंहांनी रागारागात लिहिलं, पण वाचताना त्यांचा आवाज उतरला. "खंजीर महायुद्धाच्या काळातला. घासून खराब केलेला. कोणाचा होता, सांगता येत नाही."

"आई, मी चांगलं म्हणूनच..." रणजीत पुटपुटला.

"भावकी जल्मभर बोंबलली," विजयमाला म्हणाली, "पर मामंजींचं नाव पुसाय तिला जमलं न्हाई. त्ये तू पूजा करून पुसलंस."