निलगिरीची उंची

मी एक जुना थिओडोलाइट आहे. नाव अवघड वाटलं ना, मित्रांनो? तिपाईवर एक दुर्बीण बसवा, तिला कोन मोजणारी तबकडी जोडा, की झालो मी. उंच वस्तूचा शेंडा पाहायला नजर किती अंश वर उचलावी लागते, ते मी सांगतो. त्याला उन्नत कोन म्हणतात.

तरुणपणी मी मोजणीदार नानासोंबरोबर आटपाडीकडच्या माळांवर कालव्यांसाठी हिंडलो. संध्याकाळी ते मऊ फडक्यानं माझं पितळ पुसत आणि म्हणत, "गड्या, दमलास का रं?" पुढे बॅटरीवरची यंत्रं आली. नानासो निवृत्त झाले आणि मला पलूसजवळच्या आपल्या गावातल्या शाळेला देऊन गेले. शाळेनं मला कपाटात ठेवलं. बाहेर मुलं त्रिकोणमितीची सूत्रं पाठ करत आणि मी आत अंधारात ऐकत राही. मला हात लावायला कुणी येत नसे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र गणिताच्या प्रियदर्शनी बाईंनी कपाट उघडलं. शाळेशेजारी शालूबाई एकट्या राहत. मुलगा वीरधवल सैन्यात, लडाखला. त्यांच्या घरासमोरची निलगिरी वाळली होती, ती पाडायची होती. झाडं तोडणारे तात्याबा वर बघून म्हणाले, "घरापातूर पोचत न्हाई ती. बुंध्यातनं पाडतो."

"आन् पोचली तर?" शालूबाई म्हणाल्या. "आवं, एवढं एकच छप्पर हाय मला."

म्हणून मला निलगिरीपासून सत्तावीस मीटरवर उभं केलं. दहावीतल्या स्वप्नालीनं माझ्या भिंगाला डोळा लावला.

"बाई, झाड उलटं दिसतंय!"

"जुन्या दुर्बिणीत तसंच दिसतं. शेंडा पकड."

तबकडीवर तीस अंश आले. स्वप्नालीनं मातीत काटकोन त्रिकोण काढला. लगतची बाजू सत्तावीस, समोरची बाजू म्हणजे झाड. टॅन तीस म्हणजे एक भागिले वर्गमूळ तीन. सत्तावीसला वर्गमूळ तीननं, म्हणजे एक पूर्णांक त्र्याहत्तर शतांशनं भागल्यावर साडेपंधरा मीटरच्या थोडं वर उत्तर आलं. घर झाडापासून सोळा मीटरवर होतं.

"बघा, म्या म्हनलं न्हवतं?" तात्याबांनी करवत उचलली.

"थांबा तात्या!" स्वप्नाली ओरडली. "दुर्बीण जमिनीवर कुठं हाय? तिपाईची उंची मिळवायची राहिली."

ती जवळजवळ दीड मीटर होती. झाड सतरा मीटरचं निघालं. तात्याबांचा हात थांबला. "मग शेंड्याकडनं तुकडं करून उतरवतो," ते हळूच म्हणाले.

छप्पर शाबूत राहिलं. स्वप्नाली सोडून सगळे पांगल्यावर शालूबाई माझ्याजवळ आल्या. "पोरी, ह्यातनं लय लांबचं दिसतंय न्हवं? लडाख दिसंल का?"

"न्हाई ओ आज्जी."

तरी त्यांनी भिंगाला डोळा लावला. समोर नुसतं मोकळं आभाळ होतं. त्या बराच वेळ तशाच वाकून उभ्या राहिल्या. मलाही त्यांना दुसरं काही दाखवता आलं नाही.

यंदा बाईंची शिरवळला बदली झाली आणि मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखं कुणीतरी धूळ खात असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, मैदानावर उभं करा. आणि शेजारी कुणी एकटं राहत असेल, तर त्यांनाही बोलवा.