मुहूर्ताच्या वड्या

जिनिंगमागच्या गल्लीतली मुलगी सासरी निघाली, की तिच्यासोबत मुंगवड्यांचा डबा जायचा, आणि त्या वड्या गल्लीतल्याच पाच घरच्या पाच सवाष्णींच्या हातच्या असायच्या. कोकिळाबाई लग्न होऊन सेलूहून वर्ध्याला आल्या, तेव्हापासून ही रीत कधी चुकली नव्हती. आता नात सुरभीच्याच लग्नात ती मोडते की काय, या घोराने त्यांना घास गोड लागेनासा झाला होता.

गल्ली होती तिथेच होती, घरं मात्र पालटली होती. रेल्वेतल्या नायडूंची मुलं हैदराबादला गेली, कापडवाल्या लालवाणींनी नागपुरात फ्लॅट घेतला, आणि रूपराव घर भाड्याने देऊन पुण्याला लेकाकडे गेले. आता नायडूंच्या घरात सराफ्यातल्या बंगाली कारागिराची बायको शंपा राहत होती. लालवाणींच्या माडीवर टाइल्स बसवणाऱ्या बिहारी मिस्त्रीची रिंकी, आणि रूपरावांकडे आदिलाबादहून आलेली नर्स लावण्या. कोकिळाबाई घरांना अजून जुन्याच नावांनी ओळखायच्या. "नायडूकडे आज मासोळी तळून राह्यले," असं त्या खुशाल म्हणायच्या, आणि बिचाऱ्या नायडूंनी तर उभ्या जन्मात मासळीचा वास घेतला नव्हता.

मुलगा गोपाल म्हणाला, बचत गटाच्या वड्या पाकिटात मिळतात, दोन किलो आणून टाकू. सून आकांक्षाने सुचवलं की सेलूच्या मामींना, काकूंना गाडी पाठवून बोलावून घेऊ. कोकिळाबाईंना दोन्ही पटलं नाही. सेलूच्या बाया मायेच्या खऱ्या, पण सुरभी रांगली ती या गल्लीत. तिला निरोप गल्लीनेच द्यायला हवा.

शेवटी त्या उठून समोरच्या मीराबाईंकडे गेल्या. जुन्यांपैकी तेवढं एकच घर उरलं होतं. मीराबाई आणि त्यांचे यजमान भैयाजी गल्लीत राहायला आलेलं पहिलं बौद्ध कुटुंब. मीराबाई ओट्यावर मेथी निवडत बसल्या होत्या. कोकिळाबाईंनी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं, की गल्लीत आता आपलं म्हणावं असं माणूसच राहिलं नाही.

मीराबाई हसल्या. "आमी आलो तवा तुमच्या सासूबाई बी हेच म्हणत होत्या. दोन महिने इकडची खिडकी नाई उघडली त्याईनं."

"मंग उघडली ना?"

"उघडली. गोपालले गोवर निघाला, अन् कडुलिंबाचं झाड आमच्याच आंगणात होतं." त्यांनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "जा, बोलवा त्या पोरीईले. मी हावो. पूजेले बसत नाई, तुमाले माईत आहे. वड्यायले बसीन."

कोकिळाबाई घरोघर गेल्या. हिंदी त्यांची अर्धी वऱ्हाडी, पण काम भागलं. लावण्या म्हणाली, रात्रपाळी संपवून तशीच येते, आमच्याकडेही वडियालु करतात. रिंकीने तिच्याकडच्या वडीचं, अदौरीचं नाव काढलं आणि पदराने डोळे पुसले. माहेर सोडल्यापासून तिने ती केली नव्हती. शंपा तर मुगाची डाळ म्हणताच चुलीवरचं तसंच टाकून बाहेर आली. मीराबाई, शंपा, रिंकी, लावण्या आणि घरची आकांक्षा, अशी पाच घरं भरली. कोकिळाबाई त्या दिवशी दोन भाकरी जेवल्या.

ठरल्या दिवशी सकाळी गच्चीवर खाट टाकून तिच्यावर जुनं धुवट लुगडं अंथरलं. डाळ कोकिळाबाईंनी स्वतः पाट्यावर वाटली होती. आलं, मिरची, जिरं घालून ती फेटायला मात्र शंपाने परात ओढून घेतली, आणि पीठ हलकं होईपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. आकांक्षाने सगळ्यांना हळदकुंकू लावलं. मीराबाईंना तिने गजरा दिला, तो त्यांनी हौसेने माळला.

सगळी मांडामांड झाली तशा कोकिळाबाई मागे सरून जिन्याच्या दाराशी बसल्या. यजमान अण्णाजी गेल्यापासून त्यांची ती जागा ठरलेली होती. गल्लीतल्या कितीतरी लग्नांची डाळ त्यांनी वाटून दिली होती, पण मुहूर्ताच्या वडीला बोट लावलं नव्हतं. कोणी लावू नका म्हटलंही नव्हतं. म्हणायची वेळच त्या येऊ देत नव्हत्या.

तुझा हात चांगला, तूच सुरुवात कर, असं सगळ्यांनी शंपाला सांगितलं. तिने परात उचलली ती थेट जिन्याकडे आली आणि कोकिळाबाईंपुढे बसली.

"मासी, पहिला दो बड़ी बूढ़ा-बूढ़ी का. वो आप डालेगा."

"मी नाई टाकत बाई. माह्या हातचा मुहूर्त नसते."

शंपाला ते कळलं नाही. ती समजावू लागली, की तिच्या गावी पहिल्या दोन वड्या मोठ्या करतात, नवरा-नवरीसारख्या, आणि त्या तिची आजीच टाकायची. घरात सगळ्यात मोठी तीच होती. आजी पांढरं लुगडं नेसायची, हेही तिने सहज सांगितलं, जसं आजीला पान आवडायचं हे सांगावं तसं.

रिंकीने मान खाली घातली, तिच्याकडेही रीत इथल्यासारखीच असावी. आकांक्षा सासूकडे बघत राहिली. कोकिळाबाईंनी हात पदरात घेतले होते.

"कोकिळाबाई," मीराबाई खाटेजवळून म्हणाल्या, "पाच हात तुमीच जमवले. आता सहावा काऊन सोडता?"

सुरभीने आजीचा हात पदरातून सोडवला आणि तिला खाटेपाशी नेलं.

कोकिळाबाईंनी पीठ घेतलं. पहिली वडी लुगड्यावर पडली ती मोठी पडली, आणि तिचं टोक एका बाजूला कललं. दुसरी जरा बरी जमली. शंपाने त्या दोन्ही वड्यांवर चिमूटभर कुंकू टाकलं आणि बंगालीत काहीतरी पुटपुटली. मग सगळ्यांचे हात चालू लागले, आणि उन्हं चढेपर्यंत लुगड्यावर वड्यांच्या ओळी लागल्या.

"आजी, ही पहिली तर वाकडीच झाली," सुरभी म्हणाली.

"सवय मोडली व माय."

"पुढच्या खेपेले हात सुधरीन," मीराबाई म्हणाल्या, आणि हनुवटीने रिंकीच्या पोरीकडे दाखवलं. तीन वर्षांची ती पोर परातीला लागलेलं पीठ बोटाने चाटत बसली होती. "पुढचं लगन हिचंच."

"तवालोक कोन जगते, मीराबाई?"

"जगा ना मंग. डाळ कोन वाटीन?"

खालून कुरिअरवाल्याने हाक मारली, बंगाली कारागिराचं घर कोणतं. कोकिळाबाई कठड्यापाशी गेल्या आणि हात करून म्हणाल्या, "ते काय समोर, शंपाचं. थांबजो, ती वर आहे, पाठवतो."