सुपाची साक्ष

एवढी गर्दी माझ्या वर्गात अख्ख्या सत्रात झाली नव्हती. गुन्हेशास्त्राच्या एम.ए.चा शनिवारचा तास. विद्यार्थी अकरा, सगळे पोलीस नाहीतर तुरुंगातले नोकर. आज मात्र दारात, खिडकीत, बाकांवर माणसंच माणसं. मधोमध अबुंदिओ, निवृत्त हवालदार; सगळे त्यांना मानोंग, म्हणजे थोरले दादा, म्हणतात. त्यांनी एका गोल सुपाच्या काठात कात्रीचं टोक रुतवलं होतं. कात्रीच्या दोन कड्या दोघांनी एकेका बोटावर तोलल्या होत्या: सार्जंट रोहेलिओ आणि तुरुंगरक्षक मेर्लिंदा, दोघेही माझेच विद्यार्थी. सूप खाली लोंबत होतं.

"संत पेद्रो, संत पाब्लो, चोर दाखवा!" अबुंदिओ गरजले. "कोर्टाला दहा वर्षं लागतात, माझ्या सुपाला दहा मिनिटं. तारीख नाही, अपील नाही!"

चोरीला गेला होता रोहेलिओचा पेन ड्राइव्ह. त्यात कैद्यांच्या तीन वर्षांच्या मुलाखती, प्रबंधाचं सादरीकरण सोमवारी, आणि दुसरी प्रत ठेवायची अक्कल या गुन्हे तपासणाऱ्याला नव्हती.

"ग्रंथपाल?" सूप स्थिर. "पहारेकरी?" स्थिर. "फेलिसाऽऽ?"

सूप गर्रकन फिरलं. लोकांनी छातीवर क्रूस काढले.

फेलिसा आमच्या वर्गांची झाडलोट करते; आम्ही तिला मानांग, म्हणजे ताई, म्हणतो. मी गर्दीतून वाट काढेपर्यंत रोहेलिओने कबुलीजबाब लिहून तिची सहीसुद्धा घेतली. कागद प्राचार्यांकडे गेला की तिचं काम संपलं.

"मानांग, तुम्ही घेतलात?" मी विचारलं.

"आठवत नाही हो, मॅडम. पण सूप फिरलं म्हणजे घेतलाच असेल ना? काम जाईल का माझं? दोन पोरी शिकतायत."

मला एकदम थकल्यासारखं झालं. सतरा वर्षं मी इथे शिकवते की खोटी कबुली कशी तयार होते. मागच्याच शनिवारी तो धडा झाला होता, आणि रोहेलिओने तो शब्दन् शब्द उतरवून घेतला होता. ओरडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"पुन्हा करू या," मी म्हटलं. "नावं मोठ्याने घ्यायची नाहीत. मी चार चिठ्ठ्या करते, एकेक सुपासमोर धरते. संतांना घडी उलगडल्याशिवायही वाचता येत असेल."

"हवं तेवढं तपासा!" अबुंदिओ मिशीवर हात फिरवत म्हणाले.

मी चिठ्ठ्या केल्या आणि कात्री धरणाऱ्या दोघांच्या कानात हळूच सांगितलं, "तिसरी फेलिसाची."

पहिली चिठ्ठी धरली. सूप स्थिर. दुसरी, स्थिर. तिसरी धरली आणि सूप असं फिरलं की कात्री निसटता निसटता राहिली. लोक ओरडले.

"उघड," मी मेर्लिंदाला म्हटलं.

तिसरी चिठ्ठी कोरी होती. फेलिसाचं नाव पहिल्या चिठ्ठीत निघालं.

"संत चुकले की काय?" मागून कोणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. अबुंदिओ कात्री पुसायला लागले.

"संत कशाला चुकतील?" मी म्हटलं. "सूप बोटावर तोललेलं असतं, केसभर धक्का पुरतो. मनात नाव असलं की बोट आपोआप हलतं, धरणाऱ्यालाही कळत नाही. सुपाने चोर दाखवला नाही. तुमचा संशय कोणावर आहे ते दाखवलं. आणि संशय नेहमी झाडूवालीवरच येतो."

मेर्लिंदाने कबुलीजबाब फाडला. फेलिसा रडायला लागली, आणि मला राग आला तो सगळ्यांचा, माझ्यासकट.

"पण मग पेन ड्राइव्ह घेतला कोणी?" रोहेलिओने विचारलं.

"मला माहीत नाही. तुलाही नाही. अहवालात तेवढंच लिही. माहीत नाही असं लिहिण्यात कमीपणा नाही. पुरावा शोधा, प्रश्न विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत कोणाच्या डोक्यावर चोरी ठेवू नका. गुन्हेशास्त्र एवढंच आहे, बाकी सगळी परीक्षेची तयारी."

मग मी त्याला विचारलं, "ठाण्यात असं सूप किती वेळा धरलंस?"

"दोनदा."

"त्या माणसांचं काय झालं?"

"एक सुटला." तो थांबला. "दुसऱ्यानेही सही केली होती, मॅडम. तो अजून आत आहे."

मी खुर्ची ओढली आणि कोरा कागद त्याच्यासमोर ठेवला.

"सोमवारचं सादरीकरण राहू दे. बस इथे. त्याचं नाव लिही आधी."