डीकन सात वाजून पाचला कुठे होता

एकच हरीण एकाच वेळी टेकडीच्या दोन बाजूंना असू शकत नाही. एवढं कळायला शिकारी असावं लागत नाही, आणि मारिट तर वयाच्या नवव्या वर्षापासून बापामागे या रानात फिरलेली.

शुक्रवारी दुपारी ती शेडमधल्या बाकावर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून बसली होती. एक डेल्मरकाकाने फोनवर पाठवलेला: ओकच्या डोंगरधारेवरची खिंड, गुरुवार, सकाळी सात वाजून पाच. दुसरा तिने स्वतः बाबांच्या, झाडाला बांधलेल्या आणि जनावर हललं की आपोआप फोटो घेणाऱ्या जुन्या कॅमेऱ्यातून काढून आणलेला: खालची सफरचंदाची बाग, गुरुवार, सकाळी सात वाजून पाच. दोन्हींत डीकनच होता. डावं शिंग मुळाशी दुभंगलेलं, मान ताठ, जणू चर्चचा सेवेकरी, म्हणजे डीकनच, दानाची थाळी फिरवायला निघालाय. नाव बाबांनी त्यावरूनच ठेवलं होतं.

बागेपासून धारेपर्यंत अर्धा मैल चढण.

चार हिवाळे बाबा या नराच्या मागे होते. दोनदा तो टप्प्यात आला, आणि दोन्ही वेळा ‘अजून वर्षभर वाढू दे’ म्हणून त्यांनी बंदूक खाली घेतली. ऑगस्टमध्ये बाबाच गेले. उद्या उजाडताच बंदुकीचा हंगाम सुरू होणार होता. डीकनला आता सातवं चाललं होतं, त्याच्याकडेही फार वर्षं उरली नव्हती. बाबांचं एवढं एक काम मारिटला स्वतःच्या हाताने पुरं करायचं होतं.

दोन फोटोंपैकी एक खोटा होता. बागेतला तिने स्वतः आणला होता, तेव्हा खोटा कुठला हे उघड होतं.

शेडच्या भिंतीवर जुनी फळी होती. तिच्यावर रानाचा नकाशा रंगवलेला आणि प्रत्येक मचाणाच्या जागी एक खिळा. ज्याने त्याने आदल्या दिवशी आपला बिल्ला आपल्या खिळ्याला अडकवायचा, म्हणजे कुणी कुणाच्या दिशेने गोळी घालत नाही. बिल्ले म्हणजे विकून टाकलेल्या गाईंच्या कानातले नंबराचे पिवळे तुकडे. बाबांचा एकेचाळीस नंबर अजून बागेच्या खिळ्यावर होता. तो कुणी काढला नव्हता. डेल्मरकाकाचा सोळा नंबर वर्षानुवर्षं धारेच्या खिळ्यावर असायचा. आज तो तिथे नव्हता. खाली ओढ्याच्या खिळ्यावर लटकत होता, जिथे गेल्या पाच वर्षांत कुणाला खारीपलीकडे काही दिसलं नव्हतं.

काका आत आला तो बूट आपटत, हातात सॉसेजची पिशवी.

“काय, ठरलं का?” त्याने विचारलं. “मी तर सांगतो, धारेवर बस. तीन दिवस झाले, रोज सातच्या सुमाराला खिंडीतून जातोय तो. पोस्टमनसारखा.”

“धार तर तुझी जागा.”

“माझे गुडघे आता ती चढण मानत नाहीत, पोरी.”

“काल फोटो काढायला गेलास तेव्हा मानली?”

“तो कॅमेरा फोटो आपोआप पाठवतो. मी आपला खाटेवर पडून बघतो. म्हातारपणाची एवढी एकच सोय.”

“आणि बागेत?”

“बागेत तो अंधारात येतो, अंधारात जातो. तिथे बसून तुला थंडीशिवाय काही मिळायचं नाही.”

“तू गेला होतास का इतक्यात बागेत?”

काकाने पिशवी बाकावर ठेवली आणि तिची गाठ सोडायला वेळ घेतला.

“मी? मला काय काम तिथे.”

मारिटने त्याच्या बुटांकडे पाहिलं. सकाळी बागेतल्या मचाणाखाली चिखलात मोठे ठसे होते. उजव्या बुटाची टाच बाहेरून झिजलेली. तसा एकच माणूस चालायचा. शिवाय मचाण झाडाला बांधलेला पट्टा कोरा करकरीत होता, आणि समोरच्या दोन फांद्या नुकत्या छाटलेल्या. जागा कुणीतरी बसण्यासाठी तयार केली होती.

दूध द्यायला आलेल्या शेजारच्या आर्लिसकाकूने तिच्या संशयाला खतपाणीच घातलं. आर्लिसकाकूच्या साठ गाई होत्या आणि मतं त्याहून जास्त.

“डेल्मर तुला धार देतोय?” ती म्हणाली. “अगं, त्याने आपल्या सख्ख्या भावाला नाही दिली कधी. तुझा बाप आल्डन चेष्टेत म्हणायचा, मेल्यावर याला तिथेच पुरा, म्हणजे जागा धरायला नको.”

“गुडघे दुखतात म्हणतो.”

“गुडघे! गेल्या शनिवारी नाचत होता की पोलकाच्या संगीतावर. मी काही म्हणत नाही हो. पण माणूस हातातलं ताट देतो तेव्हा बघावं, ताटात काही आहे का.”

ती गेल्यावर मारिटने सगळं पुन्हा जुळवलं. काका तिला धारेवर धाडणार. स्वतः नावाला ओढ्यावर बसणार. आणि पहाटे चार पावलं वर चढून बागेत, छाटलेल्या फांद्यांमागे. बाबांचा नर बाबांच्याच जागेवरून. विचार करवत नव्हता, पण एकदा करायला घेतला की प्रत्येक तुकडा नेमका बसत होता. बाबांच्या आजारपणात काका रोज यायचा, तेसुद्धा आता तिला निराळंच दिसायला लागलं. तो डीकनचीच चौकशी करायला तर येत नसेल?

तिने आपला सत्तावीस नंबर बागेच्या खिळ्यावर अडकवला, बाबांच्या एकेचाळीसच्या वर. धारेचा खिळा रिकामाच राहिला.

शनिवारी सव्वापाचला ती मचाणावर होती. बंदूक मांडीवर, गोळी चालवायची कायद्याची वेळ सहा सत्तावीसची. खाली सफरचंदं कुजल्याचा आंबट वास येत होता. ती हरणाची वाट पाहत होती त्याहून जास्त काकाच्या पावलांची. येऊ दे, म्हणजे तोंडावर टॉर्चचा झोत पाडून विचारते, ओढा इकडे कधीपासून वाहायला लागला?

पावलं आली नाहीत. सहा वाजून पाच मिनिटांनी खालच्या रस्त्याला आर्लिसकाकूकडची दुधाची टँकर गाडी वळली. तिचे दिवे झाडांतून आरपार आले, उजवीकडच्या खोडाशी क्षणभर दोन ठिपके होऊन थांबले आणि गेले.

मारिटने ते ठिपके आधी पाहिले होते. फोटोत. डीकनच्या पाठीमागे, उजव्या खोडाशी. कॅमेऱ्यावरचा डाग असेल म्हणून तिने ते सोडून दिले होते. अंधारात घेतल्यासारखा फोटो रंगहीन का, याचंही तिने उत्तर तयार ठेवलं होतं: जुना कॅमेरा, खोलगट जागा, उशिरा येणारं ऊन.

दुधाची गाडी सहा पाचला येते. सात पाचला कधीच नाही. ती वेळ चुकली तर आर्लिसकाकू अख्ख्या खोऱ्याला ऐकवते.

मग सप्टेंबर आठवला. सेल बदलायला ती कॅमेऱ्याशी आली, तेव्हा त्याचं घड्याळ एक तास मागे होतं. बाबा आजारी होते, लक्ष राहिलं नसेल, असं वाटून तिने आपल्या मनगटावरच्या घड्याळाबरोबर ते लावून दिलं. तेव्हा तिला बरंही वाटलं होतं, बाबांसाठी काहीतरी नीट केलं म्हणून. उन्हाळ्यात इथे सगळी घड्याळं तासभर पुढे असतात; नोव्हेंबरात सगळ्या गावाने ती मागे घेतली. या कॅमेऱ्याचं कुणी घेतलं नाही; त्याचे सात पाच म्हणजे खरे सहा पाच.

खाली पान वाजलं. डीकन तिच्यापासून वीस पावलांवर आला. काळोखात काळोखाचाच एक जाड तुकडा, आणि शिंगांची किंचित फिकट रेघ. दुर्बिणीतून नेम धरता आला असता. तिने घड्याळ पाहिलं. सहा अकरा. बाबांनी घड्याळ पाहिल्याशिवाय कधी चापाला बोट लावलं नव्हतं. ती श्वास रोखून बसली. डीकनने दोन सफरचंदं शांतपणे चावली. तो आवाज तिला स्पष्ट ऐकू आला. मग तो मान ताठ करून धारेच्या वाटेला लागला.

दहाच्या आत आपला खिळा सोडायचा नाही, हा फळीचा नियम. ती बसून राहिली. सात वाजून पाचला ती धारेकडे कान देऊन होती. दूरदूर इतर खोऱ्यांतून बंदुकांचे आवाज येत होते. धारेवर काही वाजलं नाही. तिथे वाजवायला कुणी नव्हतंच.

शेडमध्ये काकाने कॉफी केली होती. त्याने फोन तिच्यापुढे सरकवला. सात वाजून नऊ. खिंडीत डीकन, अंगावर कोवळं ऊन, शिंगांची टोकं मोजता येतील इतकी स्वच्छ. आणि वरच्या कोपऱ्यात रिकामं मचाण.

“कॅमेऱ्याचं घड्याळ मी बदललं होतं,” मारिट म्हणाली. “सप्टेंबरात. मागे पडलंय असं वाटलं.”

“मागे नव्हतं पडलं. आल्डन वर्षभर हिवाळ्याचीच वेळ ठेवायचा. म्हणायचा, घड्याळं माणसं फिरवतात, हरणं नाही फिरवत.” काकाने कॉफी फुंकली. “म्हणजे तुझ्या फोटोत तो सातला बागेत.”

“हो.”

“आणि माझ्या फोटोत सातला धारेवर.”

“हो.”

“मग मी लबाड ठरलो.”

ती म्हणाली, “बागेत गेला नव्हतास असं का म्हणालास? ठसे तुझेच होते.”

काकाने फळीकडे पाहिलं.

“पट्टा कुजला होता. तू हट्टाने तिथेच बसशील असं वाटलं, म्हणून बदलला. फांद्या छाटल्या. तेवढं सांगता आलं असतं. पण नंतर जरा बसलो तिथे. आल्डनच्या जागेवर. बराच वेळ बसलो. ते काय सांगायचं कुणाला.”

बाहेर कुणाची तरी पिकअप गाडी हॉर्न वाजवत गेली, मागे एक हरीण टाकलेलं. दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

“माझा बिल्ला बागेवर होता,” मारिट म्हणाली. “काल संध्याकाळी तू पाहिलास?”

“पाहिला.”

“मग धारेवर तू का नाही गेलास? जागा मोकळी होती. तो येणार हे तुला ठाऊक होतं.”

“तुझं मन रात्रीतून बदललं असतं तर?” काका म्हणाला. “पहाटे वर चढून आली असतीस, आणि मी तिथे बसलेला. मग काय समजली असतीस तू मला?”

मारिट उठली आणि फळीपाशी गेली. आपला बिल्ला काढला, तो हातात धरून थोडी उभी राहिली. मग सोळा नंबर ओढ्यावरून काढून तिने धारेच्या खिळ्यावर परत लावला.

“उद्या तू बस,” ती म्हणाली. “गुडघे दुखले तर बंदूक मी वर आणून देईन.”

“आणि तू?”

तिने सत्तावीस नंबर ओढ्याच्या खिळ्यावर अडकवला. बागेवर आता एकेचाळीसच उरला होता.

“ओढ्यावर खारी बऱ्या आहेत म्हणे,” ती म्हणाली, आणि कॉफीसाठी कप शोधायला लागली.