पंख्यावरचं नाव

औषधाच्या पाकिटावरची अक्षरं भिंगाशिवाय दिसू नयेत, अशी मोतीलालशेठच्या कंपनीची रीत. पण आईचं नाव पंख्यावर घालायचं ठरलं, तेव्हा त्यांनी पेंटरला पुन्हा पुन्हा परत पाठवलं. "मोठं काढ बे! आंधळ्यालेबी दिसलं पाह्यजे."

सिंदी रेल्वे या गावातल्या किराणा दुकानात वाढलेले शेठ सायकलवर औषधं विकत विकत कारखानदार झाले. उन्हाची लू लागलेल्यांना पाण्यातून द्यायच्या मीठ-साखरेच्या पुड्यांनी त्यांना नाव दिलं. आता त्यांनी गावात फुकट दवाखाना बांधला होता. दुकानावर बापाचं नाव, कारखान्यावर स्वतःचं. जन्मभर राबलेल्या आईचं, लीलाबाईचं, मात्र कशावरच नव्हतं. ते एकदा सगळ्या गावाने वाचावं, एवढीच त्यांची हौस. म्हणून दवाखान्याच्या हॉलमधल्या प्रत्येक पंख्यावर निळ्या अक्षरांत 'लीलाबाईंच्या स्मरणार्थ' झळकत होतं.

उद्घाटन समितीचे अध्यक्ष रूपराव भलतेच हुशार. फिरत्या पंख्यावरचं नाव कोण वाचणार? त्यांनी बटणांवर चिकटपट्टी मारली आणि बजावलं, "भाषणं होईपर्यंत पंख्याले कोनी हात लावू नोका!"

मे महिन्याची दुपार, त्यात डोक्यावर टिनाचं छत. लोक निमंत्रणपत्रिकांनी वारा घेत होते आणि रूपरावांचं भाषण शेठजींच्या बालपणातून काही बाहेर निघेना.

शेठही घामाने निथळत होते, पण सुखात होते. सगळं गाव माना वर करून पंख्यांकडे बघत होतं.

"पाह्य," ते बायकोच्या कानात म्हणाले, "लोकं मायचं नाव वाचून राह्यले."

"वाचून नाई, शिजून राह्यले," शोभाबाई म्हणाल्या. "पंखे लावा."

"थांब वं, आत्ताच तर वाचाले लागले."

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या रुख्माबाई खुर्चीवरून कलंडल्या. धावपळ झाली. दवाखान्याचा पहिला पेशंट दवाखान्यानेच पाडला होता. शेठनी स्वतः पुडी पाण्यात कालवून त्यांना घोट घोट पाजलं. म्हातारीने डोळे उघडले, तशी शेठना राहवेना.

"माय, वरचं नाव वाचलं ना?"

"मले कुठं वाचता येते बापू? पंखा काऊन फिरत नाई, थे पाहून राह्यली होती मी."

शेठ चपापले. लीलाबाईलाही वाचता येत नव्हतं. ती इथे असती, तर तिने आधी बटणं शोधली असती आणि मग पोराचा कान धरला असता. शेठना लाज वाटली.

त्यांनी जाऊन चिकटपट्टी ओढून काढली.

"शेठजी, नाव दिसनार नाई ना मंग!" रूपराव ओरडले.

"नोको दिसू दे."

पंखे घरघरले आणि अक्षरं फिरता फिरता पुसली गेली. साऱ्या हॉलने सुस्कारा सोडला. एवढी दाद रूपरावांना अख्ख्या भाषणात मिळाली नव्हती.

"आहाहा!" रुख्माबाई म्हणाल्या. "कोनाचं पुन्य हाय रे हे?"

"माह्या मायचं. लीलाबाईचं."

"किराण्यावाली लीला?" म्हातारी ताडकन उठून बसली. "म्हंजे तू मोत्या! अरे, तुह्या बापाची नजर चुकवून मापावर मूठभर साखर जास्त टाकायची थे. माहे लेकरं तिच्याच साखरेवर मोठे झाले."

हे शेठना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. ते तिथेच फरशीवर मांडी घालून बसले.

"अजून सांग ना माय," ते म्हणाले.