वजिराचं घर

गुलमंडीतल्या कापडदुकानात मेघानं सहा वर्षं नुसती अस्तरं फाडून दिली होती. आज सकाळी तिनं मालकांना विचारलं, पैठण्यांच्या काउंटरवर बसू का? बद्रीनाथशेठ म्हणाले, "जो तो आपापल्या जागीच शोभतो."

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. शेठचा बुद्धिबळातला रोजचा भिडू आला नाही, तेव्हा मेघा न विचारताच पटासमोर बसली. शेठ हसले. तासाभरानं त्यांचं हसू आटलं. मेघाचा वजीर कधीच मेला होता, पण उंटाच्या पट्टीतलं तिचं एक प्यादं सरकत सरकत शेवटच्या घराशी येऊन ठेपलं होतं.

"हुरळू नको," शेठ म्हणाले. "इथं देशी रीत चालते. प्यादं ज्या घरात पोचतं, त्या घराचंच मोहरं होतं. तुझं उंटाच्या घरात चाललंय, उंटच होणार."

"रीत पक्की ना? मागून बदलायची नाय."

"आमच्या आजोबापासून बदलली नाय."

शेजारी, वजिराच्या घरात, शेठचा हत्ती निवांत उभा होता. मेघानं प्यादं उचललं आणि तिरकं टाकून तो हत्ती मारला.

"प्यादं सरळ चालतं, शेठ, पण मारतं तिरकं. आता हे घर कुणाचं?"

तिनं डब्यातून आपला मेलेला वजीर काढला आणि तिथं ठेवला. "शह."

तेवढ्यात पैठणी बघायला दोघीजणी पायरी चढल्या. मेघा उठली आणि सरळ त्या काउंटरमागं जाऊन बसली.

"या, ताई," ती म्हणाली. "शेठ, तुम्ही राजा हलवा तोवर."