नाव नंतर सांगू

प्लॅट बेंडच्या गोफर्स संघाचे करार गेली एकतीस वर्षं मी टाइप करतेय. या काळात सात मॅनेजर आले आणि गेले. प्रत्येकाला वाटायचं की बेसबॉलचा शोध आपणच लावला. आठवा आला प्रेस्टन एलिंगवुड. वय एकोणतीस, पायात पांढरे बूट, काखेत लॅपटॉप. नेब्रास्काच्या चिखलात पांढरे बूट घालणाऱ्या माणसाबद्दल माझं मत पहिल्याच दिवशी झालं होतं, पण मला कोणी विचारलं नाही.

हंगाम संपून दोन महिने झाले होते. नोव्हेंबरात तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "लॉरेन, डेल ओस्टरमनला ब्लॅक रिजला देऊन टाकलं. कागद करा."

डेल आमचा कॅचर. मुखवटा घालून, गुडघे मोडून सोळा वर्षं फलंदाजाच्या मागे बसलेला माणूस. या सोळा वर्षांत अकरा संघ आणि तेवढीच भाड्याची घरं.

"का दिलं?" मी विचारलं.

"आकडे बघा ना. वय सदतीस. सबंध हंगामात चेंडू मैदानापार फक्त तीनदा, तीन होमरन. हा खेळाडू नाही, फर्निचर आहे."

"आणि त्याच्या बदल्यात कोण?"

"नाव नंतर सांगू."

ही आमच्या धंद्यातली जुनी रीत. आपला माणूस आज द्यायचा आणि त्यांचा कोण घ्यायचा ते थंडीत सावकाश ठरवायचं. ते पाच जणांची यादी पाठवतात आणि आपण एक निवडतो. कागदावर तोवर एवढंच लिहायचं, 'नाव नंतर सांगू'. असे कितीतरी कागद मी केले होते, पण हा करताना माझे हात चालेनात.

कारण होती डेलची मुलगी, जोडी नावाची. अकरावीत होती, आणि प्लॅट बेंडची शाळा ही तिची सातवी. डेलने तिला शब्द दिला होता की शेवटची दोन वर्षं इथेच काढायची, आता हलायचं नाही. ब्लॅक रिज इथून गाडीने नऊ तास. कागदावर सही करायला डेल आला तेव्हा टोपी हातात घेऊन उभाच राहिला.

"बसा की," मी म्हटलं.

"नको मिसेस कुबिचेक. बसलो तर उठवणार नाही." मग खाली बघत म्हणाला, "पोरीला कसं सांगू हो? शाळेच्या कपाटात पोरं फोटो चिकटवतात ना, हिने कधीच लावले नाहीत. म्हणते, काढावेच लागणार, तर लावायचे कशाला?"

प्रेस्टन मात्र आत काच बंद करून कोबीचा रस पीत होता. त्या क्षणी मला त्याचा असा राग आला की कराराच्या तिन्ही प्रतींवर मी ओस्टरमन चुकीचं टाइप केलं आणि पुन्हा करत बसले.

डिसेंबरात सगळ्या संघांचे मॅनेजर एका हॉटेलात जमतात आणि एकमेकांना टोप्या घालतात. तिथून प्रेस्टन परतला तो नवीन मंत्र घेऊनच.

"लॉरेन, आपण मूर्ख होतो!"

'आपण' कशाला, असं मनात म्हणून मी मान हलवली.

"होमरनला काय चाटायचंय? खरी किंमत कॅचरच्या मनगटात असते. चेंडू हद्दीच्या जरासा बाहेर पडला तरी चांगला कॅचर तो असा अलगद आत ओढून झेलतो की अंपायरला तो आतलाच वाटतो आणि फलंदाजावर स्ट्राइक लागतो. शिवाय त्याच्यासमोर टाकताना पिचर सुधारतात. याचे आकडे कोणी धरतच नव्हतं!"

"डेल तसंच झेलायचा," मी म्हटलं.

"परत डेल! बघा, हाच तो घोळ. नाव ऐकलं की माणूस हळवा होतो. चेहरा बघितला की फसतो. यापुढे माझ्यासमोर खेळाडूचं नाव नको, वय नको, फोटो नको. सगळं झाकायचं. फक्त आकडे!"

"बरं साहेब," मी म्हटलं. सांगितलेलं काम मी करते, एकतीस वर्षं तेच केलंय.

जानेवारीत ब्लॅक रिजहून गस पापासचा फोन आला. तिथला मॅनेजर. सत्तरीचा गडी, आवाज खडबडीत आणि डोकं लबाड.

"काय गं लॉरेन, तुझा तो रसवाला पोरगा यादी मागतोय."

"मग पाठव की."

"अगं, पण तुमचा ओस्टरमन बघवत नाही मला. घर बघायला आला तर पहिल्यांदा काय विचारलं असेल? शाळा! मग गाडीत जाऊन एकटाच बसला. असला माणूस माझ्या काय कामाचा? परत द्यावा म्हटलं तर लोक हसतील."

मी विचारलं, "गस, यादीत कोण घालायचं ते कोण ठरवतं?"

"मीच. माझ्या संघातला कोणीही."

"आणि डेल आता कोणाच्या संघात आहे?"

पलीकडून आधी खोकला ऐकू आला आणि मग हसू. "अगं म्हातारे! नियमात बसतं का हे?"

"नियमांचं पुस्तक मी तीनदा वाचलंय. बसत नाही असं कुठेच लिहिलेलं नाही."

"म्हणजे मी काही न देता काही न घेता सुटलो? गेल्या दहा वर्षांतला माझा सगळ्यात चांगला सौदा की हा!"

यादी आली. पाच नावं, पाचही कॅचर. प्रत्येकाचे गेल्या तीन हंगामांचे आकडे. हुकूम होता तसं मी नावं, वयं, संघ सगळं झाकलं, एक ते पाच क्रमांक घातले आणि कागद आत नेला. आकड्यांना मी बोट लावलं नाही. देवाशपथ सांगते, तशी गरजच पडली नाही.

दहाच मिनिटांत प्रेस्टन ओरडत बाहेर आला. "चार नंबर! लॉरेन, हा चार नंबर बघा! याच्यासमोर टाकणारा प्रत्येक पिचर सुधारलाय. प्रत्येक! आणि ते येडे याला फुकट देतायत!"

"साहेब, नाव एकदा बघता का?"

"अजिबात नाही!"

"नुसतं वय तरी?"

"वय म्हणजे पूर्वग्रह! याला दोन वर्षांच्या करारात बांधून टाका. शिवाय लिहा की नंतर पोरांना शिकवायचं कामही याच्याकडेच. मी आत्ताच सही करतो, नाव तुम्ही भरा."

"अहो, बघा तरी," मी तिसऱ्यांदा म्हटलं. तिसऱ्यांदाही त्याने हात झटकला आणि सही ठोकली. मग दार लावून मी इतकी हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

नाव मी भरलं आणि करार पाकिटात घातला. दरवर्षी जानेवारीच्या शेवटी अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गावजेवण असतं. राजम्याचा तिखट रस्सा आणि त्यात बुडवून खायला दालचिनीचे गोड रोल. नवे खेळाडू तिथेच जाहीर होतात. डेल आला होता निरोप घ्यायला, आणि रिकामा बसवेना म्हणून एप्रन बांधून रस्सा वाढत होता. जोडी रोल वाटत होती.

प्रेस्टन व्यासपीठावर चढला. "मित्रहो, ज्याची किंमत कोणालाच कळली नाही असा खेळाडू मी शोधून काढलाय! नाव मलाही माहीत नाही. आता तुमच्यासमोरच उघडतो."

त्याने पाकीट फाडलं, वाचलं, परत वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"वाच की रे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"डेल... ओस्टरमन," तो म्हणाला.

डेलच्या हातातल्या डावातून रस्सा टेबलावर सांडत होता आणि त्याला पत्ताच नव्हता. मग गावच्या न्हाव्याने विचारलं, "म्हणजे डेल देऊन डेल घेतला?" आणि छप्पर उडेल असा हशा झाला.

प्रेस्टनने माझ्याकडे पाहिलं. मी रोल खात होते.

"तीनदा म्हटलं होतं साहेब, नाव बघा."

आता हा करार फाडतो की काय, म्हणून मी हातातला रोल खाली ठेवला. त्याने खिशातून आकड्यांचा कागद काढला आणि सगळा वाचला, अगदी तळापर्यंत. हॉलमधला हशा विरला.

"आकडे तेच आहेत," तो हळूच म्हणाला. "मी चुकलो होतो नोव्हेंबरात. ओस्टरमन, सही करता का?"

डेलने एप्रनला हात पुसले, तरी पेन निसटलंच. जोडीने ते उचलून दिलं. "बाबा, पूर्ण नाव लिहा हं," एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून मी प्रेस्टनच्या बुटांबद्दल बोलणं सोडलंय. जवळजवळ.

सोमवारी शाळेआधी जोडी ऑफिसात आली. बगलेत फोटोंचं पाकीट.

"मिसेस कुबिचेक, चिकटपट्टी आहे का हो? कपाटात लावायचेत."

माझी संपली होती. मग प्रेस्टनच्या खणातलं अख्खं रीळ काढून मी तिला देऊन टाकलं.